साकळलेल्या रक्तावरचा चिनी काढा

१७९७ सालचा वसंत सरत आला होता. उत्तर चीनमधील ल्वानचौ परिसरातल्या ताओती या गावी लहान मुलांमध्ये पुरळ आणि हगवणीची जीवघेणी साथ पसरली होती. दहा मुलांमागे आठ-नऊ मुले दगावत. गरिबांना शवपेटी परवडत नसे. चटईत गुंडाळलेले देह उथळ खड्ड्यांत ठेवले जात. कुत्र्यांनी ते उकरून खाल्ले तर पुढचे मूल जगते, अशी तिथली समजूत होती. त्यामुळे खड्डा खोल करण्याच्या फंदात कोणी पडत नसे. त्या वाटेने घोड्यावरून जाणाऱ्या वांग छिंगरन या तिशीच्या उंबरठ्यावरील वैद्याने आधी नाक झाकून घेतले. मग त्याच्या मनात आले, की आजवरच्या वैद्यकग्रंथांतील शरीराच्या आकृत्या एकमेकींशी जुळत नाहीत, कारण लिहिणाऱ्यांनी शरीराच्या आत डोकावून पाहिलेलेच नाही. पुढचे दहा दिवस तो रोज पहाटे त्या स्मशानात गेला. बहुतेक देहांत काही ना काही अवयव नाहीसे झालेले असत. कोठे आतडी उरलेली, कोठे यकृत. एकाची उणीव दुसऱ्यातून भरून काढत त्याने सुमारे तीस देहांचे निरीक्षण केले.

या निरीक्षणांतून पुढे जे पुस्तक निघाले, त्यात वेदनेवरच्या एका काढ्याची कृती आहे. तो काढा आजही चीनमधील पारंपरिक वैद्यकाच्या रुग्णालयांतून रोज लिहून दिला जातो. त्याचे नाव ‘श्वेफू चूयू तांग’. ‘श्वे’ म्हणजे रक्त, ‘फू’ म्हणजे कोठार, ‘चू’ म्हणजे हुसकावणे, ‘यू’ म्हणजे साकळलेले रक्त आणि ‘तांग’ म्हणजे काढा. रक्ताच्या कोठारात साकळलेले रक्त हुसकावून लावणारा काढा, असा त्याचा सरळ अर्थ. विलक्षण गोष्ट अशी, की ज्या कोठारावरून काढ्याला हे नाव पडले, ते कोठार मानवी शरीरात कोठेही नाही.

मराठी वाचकाला ‘यू’ ही कल्पना परकी वाटू नये. मुका मार लागला, त्वचा काळीनिळी पडली की आपण ‘रक्त साकळले’ असेच म्हणतो आणि आंबेहळद उगाळून तिचा लेप लावतो. चिनी वैद्यांनी हीच साधी प्रचीती त्वचेखालून शरीराच्या आत नेली. बाहेर दिसणारी निळसर ठसठस आत, न दिसणाऱ्या जागीही होत असली पाहिजे, हा तो तर्क. जिथे वाहणे थांबते तिथे दुखते आणि जिथे दुखते तिथे वाहणे थांबलेले असते, अशी त्यांच्याकडे म्हणच आहे. आयुर्वेदात वाताशिवाय वेदना नाही असे मानतात. तिथे वेदनेच्या मुळाशी गती बिघडवणारा वायू आहे, तर चिनी विचारात अडलेला प्रवाह आहे. हळदीच्या कुळातील काही कंद चिनी औषधकोशातही रक्ताला चालना देणाऱ्या द्रव्यांतच मोडतात, ही या दोन परंपरांमधील एक सहज भेट.

अर्थात प्रत्येक दुखणे साकळल्या रक्ताचे नव्हे. वैद्य त्याच्या खुणा शोधतो. दुखण्याची जागा ठरलेली असते, रोगी एका बोटाने ती दाखवू शकतो. वेदना सुई टोचावी तशी असते. ती रात्री वाढते, दाबले तर अधिक दुखते. जीभ जांभळट दिसते किंवा तिच्यावर काळपट ठिपके असतात, ओठांचा रंग गडद होतो. आज इथे तर उद्या तिथे असे हिंडणारे दुखणे, किंवा पोट फुगल्यासारखी, ढेकर दिल्यावर हलकी होणारी वेदना या सदरात येत नाही. तिथे अडला आहे तो ‘छी’ म्हणजे प्राणवायूसारखा मानलेला शक्तिप्रवाह. प्रत्यक्षात हे दोन्ही अडथळे बरेचदा हातात हात घालून येतात, असे चिनी वैद्यक मानते. काढ्याची रचना समजायची तर हे ध्यानात ठेवावे लागते.

वांग छिंगरनचा जन्म १७६८ सालचा, आजच्या हेबेई प्रांतातील युथ्येनचा. आईवडिलांनी दिलेला देह अभंग राखावा, अशी कन्फ्यूशियसच्या परंपरेची शिकवण असलेल्या समाजात शवविच्छेदनाला वाव नव्हता. त्यामुळे ताओतीनंतर त्याच्यापुढे एकच मार्ग उरला, देहांत शासनाची जागा. १७९९ मध्ये ल्याओयांगच्या एका स्त्रीला तुकडे-तुकडे करून मारण्याची शिक्षा झाली, तेव्हा तो वधस्थानी गेला. पण गुन्हेगार स्त्री आहे हे कळल्यावर संकोचून जवळ गेला नाही. जल्लाद हातात हृदय, यकृत आणि फुप्फुसे घेऊन जाताना जे दिसले तेवढेच त्याने टिपले. एक अडचण मात्र सुटेना. छाती आणि पोट यांच्यामधले श्वासपटल त्याला कधी अखंड पाहायला मिळाले नाही. स्मशानातले कुत्र्यांनी फाडलेले, वधस्थानावरचे शस्त्राने कापलेले. शेवटी १८२९ साली बीजिंगमध्ये हंग चिंग नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याशी त्याची गाठ पडली. पश्चिम सीमेवरच्या मोहिमेत या अधिकाऱ्याने पुष्कळ मृतदेह पाहिले होते. त्याने वर्णन केले, वांगने आकृती पुरी केली. १८३० मध्ये ‘यीलिन गायत्सो’, म्हणजे वैद्यकातील चुकांची दुरुस्ती, हे पुस्तक प्रसिद्ध झाले. अवयवांच्या शोधात बेचाळीस वर्षे गेल्याचे तो सांगतो. पुढच्याच वर्षी तो वारला.

चुका दुरुस्त करायला निघालेल्या या पुस्तकात नवी चूक शिरली ती अशी. मृत्यूनंतर धमन्या आकसतात आणि त्यांतले रक्त शिरांकडे सरकते. त्यामुळे मृतदेहातील महाधमनी रिकामी दिसते. वांगने ती रिकामी पाहिली आणि तिच्यातून छी वाहते, रक्त नव्हे, असा निष्कर्ष काढला. कापलेल्या देहांमध्ये श्वासपटलाच्या वर, छातीच्या पोकळीत, रक्ताचे डबके साचलेले असे. ते मरणसमयीच्या जखमांचे रक्त होते. वांगला मात्र ते नेहमीचेच वाटले: श्वासपटलावर तळ्यासारखी एक खोलगट जागा आहे, शरीरातील रक्त तिथे साठते, हेच ‘श्वेफू’. जुन्या ग्रंथांत रक्तवाहिन्यांनाच रक्ताचे कोठार म्हटले होते. ते अधिक अचूक होते! वांगने ते कोठार उचलून छातीत नेऊन ठेवले.

या चुकीला हसण्याचे कारण नाही. प्राचीन ग्रीसमधील एरासिस्ट्रॅटससारखा थोर शरीरशास्त्रज्ञही याच रिकाम्या धमन्यांना फसला होता आणि त्यांतून वायू वाहतो असे मानत होता. विल्यम हार्वीचा रक्ताभिसरणावरचा ग्रंथ १६२८ चा. वांगच्या पुस्तकाच्या दोनशे दोन वर्षे आधीचा. बीजिंगमधल्या या वैद्यापर्यंत ते ज्ञान पोहोचले नव्हते. शिवाय स्मृती आणि बुद्धी यांचे स्थान हृदय नसून मेंदू आहे, हे त्याने त्याच पुस्तकात ठासून मांडले, आणि ते बरोबर होते. डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह त्याला एके ठिकाणी सत्याकडे घेऊन गेला, दुसऱ्या ठिकाणी चकवून गेला.

मग चुकीच्या शरीरशास्त्रावर उभा राहिलेला काढा टिकला कसा? याचे उत्तर त्याच्या घडणीत आहे. वांगने तो कोऱ्या पाटीवर लिहिलेला नाही. त्यात दोन जुने काढे एकमेकांत विणलेले आहेत. पहिला ‘स्सवू तांग’, चार द्रव्यांचा काढा. त्याची सर्वांत जुनी नोंद नवव्या शतकातील हाडमोड आणि मार यांवरच्या एका ग्रंथात सापडते, म्हणजे साकळलेल्या रक्ताशी त्याचे नाते तेव्हापासूनचे. त्यात सप्ताळूच्या बियांचा गर आणि करडईची फुले घातली की तो रक्ताला अधिक जोराने चालना देणारा काढा होतो. दुसरा ‘स्सनी सान’ हे चांग चोंगचिंग या इसवी सन २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या वैद्याचे चूर्ण, अडलेली छी मोकळी करणारे. एक रक्तासाठी, दुसरे छीसाठी. वर सांगितलेले दोन्ही अडथळे असे एकाच भांड्यात हाताळले आहेत.

एकूण द्रव्ये अकरा. सर्वांत जास्त वजन सप्ताळूच्या गराचे, चार छ्येन. आजच्या पाठ्यपुस्तकांत ते बारा ग्रॅम धरतात. पाठोपाठ करडईची फुले, तांगक्वेइचे मूळ आणि कच्चे तीहुआंग. मग ची-शाओ म्हणजे तांबड्या पिओनीचे मूळ आणि चुआनश्योंग. छीसाठी छाय-हू हे मूळ आणि कडू संत्र्याची वाळवलेली साल. सर्वांना सामावून घेणारे ज्येष्ठमध. उरली दोन, आणि खरी गंमत त्यांत आहे. च्ये-कंग हे मूळ औषधाला वर, छातीकडे नेते आणि न्यू-शी खाली ओढते, असे मानतात. एक चढते, एक उतरते आणि मधले अडलेले हलते. ही कल्पना रसायनशास्त्राच्या परीक्षेत उतरेल असे नाही, पण काढा रचणाऱ्याचे डोके कसे चालते ते तिच्यातून कळते.

या यादीतील काही नावे मराठी मुलखाला अनोळखी नाहीत. ‘न्यू-शी’ या शब्दाचा अर्थ गुराचा गुडघा. तिच्या खोडाच्या फुगीर पेरांवरून हे नाव आले. ही वनस्पती आपल्या आघाड्याची सख्खी बहीण. गणपतीच्या पत्रीत आघाडा वाहणाऱ्यांना तिची पेरे लगेच ओळखू येतील. आणि ‘होंगहुआ’, लाल फूल, म्हणजे तर सोलापूर-मराठवाड्यापासून विजापूरपर्यंतच्या काळ्या जमिनीत रब्बीला उभी असलेली करडई. फूल उमलते पिवळे आणि कोमेजताना लालसर होते. चिनी शेतकरी नेमके त्या बदलत्या रंगाच्या वेळी पाकळ्या वेचतात. ही वनस्पती पश्चिमेकडून मध्य आशियामार्गे चीनमध्ये गेली आणि तिथे औषध झाली. आपल्याकडे ती मुख्यतः तेलबी राहिली, कोवळ्या पानांची भाजी राहिली आणि संस्कृतातील ‘कुसुंभ’ या तिच्या नावावरून कुसुंबी रंग देऊन गेली. पाकळ्या गोळा करायच्या तर काटे आडवे येतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने काटे नसलेले वाण काढले आणि पाकळ्यांच्या उपयोगाकडेही लक्ष दिले, ते याच दृष्टीने महत्त्वाचे. मात्र एवढ्या ओळखीवर करडईच्या पाकळ्या आणि आघाड्याचे मूळ उकळून घरच्या घरी चिनी काढा तयार होत नाही. आघाडा आणि न्यू-शी बहिणी असल्या तरी एक नव्हेत.

वांगने या काढ्याखाली डोकेदुखी, छातीतील वेदना, उचकी, धडधड, निद्रानाश अशा डझनाहून अधिक तक्रारी नोंदवल्या आहेत. त्यांपैकी दोन रुग्णकथा चिनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. च्यांगशी प्रांताच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका बड्या अधिकाऱ्याला सात वर्षे छाती उघडी टाकूनच झोप येत असे. अंगावर एका कापडाचा पदरही सहन होत नसे. उलट बावीस वर्षांच्या एका तरुणीला दोन वर्षे झोप लागे ती मोलकरीण छातीवर बसवली तरच. पहिल्याला पाच मात्रांनी आराम पडला, दुसरीला तीन. वांगच्या मते दोन्ही टोकांच्या तक्रारींचे कारण एकच, छातीच्या कोठारातील साकळा. कथा वाचनीय आहेत खऱ्या. पण त्यांत तुलनेला दुसरा रुग्ण नाही, काढ्याविना काय झाले असते याचा अंदाज नाही आणि न बरे झालेल्यांचा पत्ता नाही.

समकालीनांनी वांगला सोडले नाही. वैद्यकाचे शिक्षण हाडांच्या ढिगात आणि वधस्थानावर घ्यायचे काय, असा टोमणा लू माओश्यू या एकोणिसाव्या शतकातील वैद्याने मारला. विसाव्या शतकाच्या आरंभी वारे फिरले. ल्यांग छीछाव या सुधारकाने वांगला चिनी वैद्यकातला धाडसी क्रांतिकारक ठरवले. परंपरेतच आपला एक शरीरशास्त्रज्ञ सापडणे ही त्या पिढीची गरज होती, हेही त्यामागे असावे.

काढ्याला खरे नवजीवन मिळाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि छातीत ठरलेल्या जागी वेदना उठते, हे आधुनिक वर्णन आणि साकळलेल्या रक्ताचे जुने वर्णन एकमेकांवर चपखल बसल्यासारखे दिसले. बीजिंगच्या शीयुआन रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ छन कची आणि त्यांचे सहकारी यांनी या दिशेने दशकानुदशके काम केले. २००३ मध्ये त्या संशोधनाला चीनचा राष्ट्रीय विज्ञान-तंत्रज्ञान प्रगतीचा प्रथम श्रेणीचा पुरस्कार मिळाला. प्रयोगशाळांत द्रव्ये एकेक करून तपासली गेली. करडईच्या पाकळ्यांतील पिवळे रंगद्रव्य, पिओनीतील पिओनिफ्लोरिन, तांगक्वेइ आणि चुआनश्योंग यांतील फेरुलिक आम्ल हे पदार्थ रक्तबिंबिकांचे एकमेकींना चिकटणे कमी करतात किंवा रक्तवाहिन्या सैलावतात, असे परीक्षानळीत आणि प्राण्यांत दिसले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हृदयाच्या अरुंद रक्तवाहिन्या फुग्याने रुंद केलेल्या ३३५ रुग्णांचा अभ्यास होता. चुआनश्योंग आणि तांबडी पिओनी यांतील वेगळ्या काढलेल्या घटकांची कॅप्सूल घेणाऱ्यांत वाहिनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण कमी आढळले.

इथे थोडे थांबून पाहायला हवे. ती कॅप्सूल म्हणजे वांगचा काढा नव्हे; अकरांतील दोन द्रव्यांचा शुद्ध केलेला अंश. खुद्द काढ्यावर चीनमध्ये पुष्कळ चाचण्या झाल्या आहेत आणि बहुतेकींचा निष्कर्ष अनुकूल आहे. परंतु त्यांतील बऱ्याच लहान आहेत, अनेकींत रुग्णांची विभागणी निव्वळ चिठ्ठी टाकून झाली की नाही ते स्पष्ट होत नाही, आणि कोणाला काढा मिळतो आहे हे रुग्ण व वैद्य दोघांनाही ठाऊक असते. या काढ्याचा रंग आणि कडवटपणा असा, की त्याची हुबेहूब निष्प्रभ नक्कल करणे सोपे नाही. दुसरी अडचण निवडीची. साकळलेल्या रक्ताचे निदान जिभेच्या रंगावरून आणि नाडीवरून होते, आणि दोन वैद्यांचे त्यावर नेहमी एकमत होतेच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात पारंपरिक वैद्यकाचे स्वतंत्र प्रकरण आहे, त्यात साकळलेल्या रक्ताचे लक्षणरूपही आहे. ती नोंद आकडेवारी गोळा करण्यासाठी आहे. उपचार सिद्ध झाल्याचे ते प्रमाणपत्र नव्हे. जाहिराती मात्र ते तसेच वापरतात.

म्हणून काढ्याची किंमत वांगच्या कोठारावरून ठरवणे दोन्ही बाजूंनी चूक आहे. कोठार खोटे निघाले म्हणून काढा निरुपयोगी ठरत नाही. कारण द्रव्यांची जुळणी त्या कोठाराच्या कितीतरी आधीच्या अनुभवातून आली आहे. आणि दोनशे वर्षे टिकला म्हणून तो सिद्धही होत नाही. रोग्याची शीर उघडून रक्त वाहू देण्याचा उपचार युरोपात त्याहून किती तरी जास्त काळ टिकला होता.

जे निश्चित आहे ते धोक्यांच्या बाजूला अधिक आहे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरीन घेणाऱ्या रुग्णांत तांगक्वेइमुळे त्या औषधाचा परिणाम वाढल्याची नोंद आहे. अ‍ॅस्पिरीन किंवा क्लोपिडोग्रेलसोबत असा काढा घेतला तर रक्तस्रावाची भीती वाढते. गरोदर स्त्रियांना हा काढा परंपरेनेच वर्ज्य आहे, पाळीत अतिस्राव होणाऱ्यांनाही. शस्त्रक्रियेच्या आधी तो थांबवावा लागतो. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम उतरते. सप्ताळूच्या गरात अमिग्डालिन असते, त्यातून सायनाइड सुटू शकते. म्हणूनच मोजमाप महत्त्वाचे. शिवाय बाजारात ‘पूर्णपणे नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वेदनाशामक जडीबुटीच्या गोळ्यांत न सांगता मिसळलेले स्टेरॉइड किंवा वेदनाशामक अनेक देशांत सापडले आहे. अशी गोळी पहिल्याच दिवशी गुण देते, आणि संशय घ्यावा तो याच वेगाचा. मुळ्यांच्या नावांचा घोळ तर जीवावर बेततो. नव्वदच्या दशकात ब्रसेल्समधील वजन उतरवण्याच्या एका उपचारात एका चिनी मुळीच्या जागी तिच्याच नावाशी मिळतीजुळती दुसरी विषारी मुळी गेली, आणि शंभराच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली.

सर्वांत मोठा धोका मात्र काढ्यातल्या कोणत्याच द्रव्यात नाही, तो वर्णनातल्या साम्यात आहे. छातीत ठरलेल्या जागी उठणारी, दाब दिल्यासारखी, डाव्या हातात किंवा जबड्यात उतरणारी, घाम फोडणारी वेदना ही वांगच्या यादीत चपखल बसते. हृदयविकाराच्या झटक्याच्या वर्णनातही ती तितकीच चपखल बसते. तिथे प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. बीजिंगच्या पारंपरिक रुग्णालयातही असा रुग्ण आला तर आधी हृदयाचा विद्युत आलेख निघतो, रक्ताची तपासणी होते आणि गरज असेल तर अडलेली वाहिनी उघडली जाते. काढ्याचा विचार होतो तो नंतर, घरी सोडताना, आणि तोही इतर औषधांची यादी समोर ठेवून.